पत्ता वरीलप्रमाणे

लग्नाच्या सहाशे पत्रिकांवर पत्ते घालायला किती वेळ लागतो? ललिताबाईंच्या अंदाजाने दोन दुपारी. त्या स्वतः, नवरी मुलगी तृप्ती, शेजारच्या दोघीजणी, चार बॉलपेनं आणि मध्ये एकदा चहा. वाल्मीकराव शेवाळ्यांच्या अंदाजाने साडेतीन मिनिटं. प्रत्यक्षात एकोणीस दिवस लागले. त्यातले पहिले अकरा दिवस नाशिकच्या इंदिरानगरातल्या त्या घराला लग्नघराची कसलीही कळा नव्हती. हॉलमध्ये कॉम्प्युटर, त्याच्यासमोर बनियनवर बसलेले वाल्मीकराव आणि दर अर्ध्या तासाने त्यांच्या तोंडून निघणारं "अरेच्चा!" एवढंच काय ते चालू होतं.

वाल्मीकराव ओझरच्या विमानाच्या कारखान्यात स्टोअर्सला होते. तीस वर्षं त्यांनी नट, बोल्ट आणि वॉशर यांच्या नोंदी ठेवल्या आणि दोन हजार तीन साली स्वेच्छानिवृत्ती घेतली. पण जाता जाता एक घात झाला. शेवटच्या वर्षी खात्यात एक इंजिनियर आला आणि त्याने वाल्मीकरावांच्या डोळ्यांदेखत दहा ओळींचा प्रोग्रॅम लिहून चार हजार कप्प्यांची लेबलं छापून दाखवली. त्या भाषेचं नाव पर्ल. एका फाइलमधून वाचायचं, दुसऱ्या फाइलमध्ये लिहायचं, झालं. ज्या कामात आपली उमेदीची तीन वर्षं गेली, ते काम चहा निवायच्या आत झालेलं पाहून दुसरा माणूस खचला असता. वाल्मीकराव प्रेमातच पडले. घरी कॉम्प्युटर आला, एका मासिकाबरोबर फुकट मिळालेल्या सीडीवरून पर्ल आली, आणि एका जाडजूड पुस्तकाची झेरॉक्स बाइंडिंग करून देवघराशेजारच्या फळीवर जाऊन बसली. अडचण एकच होती, काम मिळत नव्हतं. घरात लेबल लावण्याजोगे डबे एकवीस, ते पहिल्याच आठवड्यात संपले. ललिताबाईंच्या हळदीच्या डब्यावर 'हळद, एक नग' ही चिठ्ठी अजून आहे.

आणि पुढच्याच वर्षी तृप्तीचं लग्न ठरलं. वैशाखातला मुहूर्त निघाला, पत्रिका छापून आल्या, आणि पाहुण्यांची वही उघडली गेली. ही वही म्हणजे विंचूरच्या साळूबाई आत्यांनी तीन दिवस मुक्काम ठोकून, एकेक गाव आठवत सांगितलेली आणि ललिताबाईंनी ओझरची नि व्याह्यांकडची नावं जोडून लिहून घेतलेली. सहाशे बारा नावं, एकोणतीस गावं. वाल्मीकरावांनी वही हातात घेतली, तिचं वजन पाहिलं आणि म्हणाले, "हे माझ्यावर सोपवा."

"अहो, बॉलपेनं आणलीत मी," ललिताबाई म्हणाल्या.

"बॉलपेनं!" वाल्मीकराव हसले. ते हसू पुढे त्यांना फार महागात पडलं, कारण ललिताबाई ते विसरल्या नाहीत.

पण पत्त्यांपेक्षा मोठी अडचण या लग्नात होती, आणि ती देवळ्याला राहत होती. वाल्मीकरावांचे थोरले भाऊ देवराम, ज्यांना घरात लहानथोर सगळेच आण्णा म्हणत. सहा वर्षांपूर्वी आण्णांच्या मनोजचं लग्न होतं. ऐन कांदा काढणीत मुहूर्त आला आणि त्या गडबडीत आण्णांनी धाकट्या भावाची पत्रिका पोस्टाने पाठवून दिली. आता सख्ख्या भावाला आमंत्रण कसं द्यायचं असतं? घरी जायचं, पत्रिकेला हळदकुंकू लावायचं, हातावर अक्षता ठेवायच्या, आणि "पंधरा दिवस आधी यायचं बरं का" असं वहिनीला दटावायचं. वाल्मीकरावांनी तिकीट चिकटवलेला तो लिफाफा उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाले, "धाकटा भाऊ म्हणजे काय विम्याचं गिऱ्हाईक आहे?" ते लग्नाला गेले नाहीत. आण्णा "नाय आला" एवढंच म्हणाले, आणि तेव्हापासून दोघांत बोलणं बंद. दोघांनाही करमत नव्हतं हे दोन्ही घरांत सगळ्यांना ठाऊक होतं, फक्त त्या दोघांना सांगायची कोणाची छाती नव्हती.

तृप्तीने सांगून पाहिलं. तिच्या लहानपणच्या सगळ्या सुट्ट्या देवळ्याला गेल्या होत्या. सायकल तिला आण्णांनी शिकवली होती, विहिरीत पोहायलाही त्यांनीच.

"पप्पा, आण्णा नसतील तर मला त्या मांडवात उभं राहवणार नाही. तुम्ही एकदा जाऊन या ना देवळ्याला."

"त्याने मला पोस्टाने बोलावलं. मी त्याला पोस्टानेसुद्धा बोलावणार नाही."

तृप्तीने वाद घातला नाही. ती जाऊन वही टाइप करायला बसली, आणि ती दोन दिवस इतकी गप्प होती की ललिताबाईंनी नवऱ्याच्या ताटात भाजी वाढताना डाव जरा जोरातच आपटला.

यादी कॉम्प्युटरमध्ये उतरली. वाल्मीकरावांनी हात जोडून प्रोग्रॅम चालवला. पडद्यावर एक ओळ उमटली: अशी कोणतीही फाइल अस्तित्वात नाही.

"अरेच्चा!"

फाइल तर समोर दिसत होती. चित्र होतं, खाली 'यादी' असं इंग्रजी अक्षरांत नाव होतं. वाल्मीकरावांनी पुन्हा चालवलं. नाही. जागा बदलली. नाही. कॉम्प्युटर बंद करून चालू केला, पंखा बंद करून पाहिला. तरीही नाही. एवढ्यात खालच्या मजल्यावरचे कुलथे आले. कुलथे एका सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले, कॉम्प्युटरला त्यांनी जन्मात हात लावला नव्हता, आणि त्यामुळे सल्ला देताना त्यांचं मन अगदी मोकळं असे.

"अहो शेवाळे, यात घाबरण्यासारखं काय आहे?" ते ऐसपैस बसत म्हणाले. "फाइल समोर असते आणि 'नाही' असंच उत्तर येतं. आम्ही बत्तीस वर्षं हेच उत्तर दिलं. फाइलला एक नाव वरचं असतं आणि एक आतलं. लोक वरचं नाव घेऊन येतात. तुम्ही आतलं नाव शोधा."

वाल्मीकरावांनी मनातल्या मनात त्यांची कीव केली. पण कुलथे गेल्यावर, केवळ त्यांना खोटं पाडावं म्हणून, त्यांनी शोध घेतला. आणि खरोखरच फाइलला आतलं नाव होतं! 'यादी'च्या पुढे 'टीएक्सटी' हे शेपूट तृप्तीने लावलं होतं, ते कॉम्प्युटरने लपवलं होतं आणि आपल्या मनाने तेच शेपूट आणखी एकदा जोडलं होतं. दोन शेपटांची फाइल. वाल्मीकरावांनी एक छाटलं आणि ही गोष्ट कुलथ्यांना न सांगण्याचा निर्णय घेतला.

दुसऱ्या दिवशी पडद्यावर आलं: परवानगी नाही.

"कोणाची परवानगी?" ललिताबाईंनी स्वयंपाकघरातून विचारलं. "लग्न आपलं, यादी आपली, वीज आपली!"

कुलथे जिन्यातच होते. त्यांनी उंबऱ्यातून ऐकलं आणि आत येण्याचीही तसदी न घेता म्हणाले, "फाइल वरच्या साहेबाच्या टेबलावर उघडी पडली असणार. साहेब मिटत नाही तोवर खालच्याला हात लावता येत नाही."

आणि खरंच, तीच फाइल मागच्या बाजूला एक्सेलमध्ये उघडी होती. ती मिटल्याबरोबर परवानगी मिळाली. आता मात्र वाल्मीकरावांच्या स्वाभिमानाला ठेच लागली. पुस्तकाची झेरॉक्स साडेसहाशे पानांची, रात्रंदिवस तिची पारायणं केली, आणि ज्याला माउस कोणत्या हातात धरायचा हे ठाऊक नाही तो माणूस दाराबाहेरून दोनदा बरोबर निघतो? तिसरी अडचण आपली आपण सोडवायची, कुलथ्यांच्या पायांचा आवाज आला तरी तोंडातून "अरेच्चा" काढायचं नाही, असं त्यांनी ठरवलं.

त्या तिसऱ्या अडचणीचं स्वरूप जरा समजून घ्यायला हवं. पर्लमध्ये फाइल उघडताना एक बाण काढायचा असतो. बाणाचं टोक डावीकडे असेल तर फाइल वाचायची. दोन बाण उजवीकडे असतील तर आहे त्याच्या खाली लिहायचं. आणि उजवीकडे एकच बाण असेल तर फाइल आधी कोरी करायची आणि मग लिहायचं. विचारायचं नाही, कारण सांगायचं नाही, कोरी करायची. वाल्मीकरावांनी यादी वाचायला म्हणून उघडली आणि बाण काढला उजवीकडे. प्रोग्रॅम चालला. अडचण आली नाही, संदेश आला नाही. वाल्मीकरावांनी विजयाने ललिताबाईंना हाक मारली, फाइल उघडून दाखवली, आणि दोघांनी मिळून एक संपूर्ण पांढरा पडदा पाहिला.

सहाशे बारा माणसं गेली होती. मागे एक अक्षर राहिलं नव्हतं.

"कुठे गेली?" ललिताबाईंनी विचारलं.

"बाण," वाल्मीकराव म्हणाले.

हे कुलथ्यांना कसं कळलं देव जाणे. ते आले, पडद्याकडे आदराने पाहत राहिले आणि म्हणाले, "एवढं कोरं करायला आमच्या काळी आग लागावी लागायची." त्यांनी सल्ला मात्र दिला नाही, आणि वाल्मीकरावांना त्याचं जास्त वाईट वाटलं.

यादी पुन्हा टाइप करायची वेळ आली. तृप्तीने नम्रपणे सांगितलं की तिला शालू घ्यायला जायचंय. ललिताबाईंनी काहीच सांगितलं नाही, फक्त टेबलावर चार बॉलपेनं आणून ठेवली. ती बॉलपेनं पाहून वाल्मीकराव पेटले. त्यांनी स्वतः टाइप करायला घेतलं, दोन बोटांनी, वहीतल्या क्रमाने, गावामागून गाव.

आणि इथे त्यांच्यातला स्टोअर्सचा माणूस जागा झाला. तीस वर्षं ज्याने 'वॉशर, पितळी, पाव इंच' एकदाच लिहिलं आणि खालच्या चाळीस ओळींत दोन रेघांमधला 'डू' मारला, म्हणजे वरीलप्रमाणे, तो माणूस 'शेवाळे वस्ती, देवळा' हा पत्ता शंभर वेळा कशाला टाइप करील? गावातल्या पहिल्या माणसाचा पत्ता पूर्ण, बाकी सगळे डू. कारखान्यात सगळेच असं करत. प्रोग्रॅममध्ये त्यांनी दोन ओळी वाढवल्या: पत्त्याच्या जागी डू दिसला तर वरच्या माणसाचा पत्ता घे. दहा नावांवर चालवून पाहिलं. चोख.

फक्त देवळ्यापाशी त्यांची बोटं अडली. वहीत देवळ्याचं पहिलं नाव आण्णांचं होतं. नाव ठेवायचं नव्हतं, पण पत्ता तर हवा होता, खालचे सगळे डू त्याच्याच आधाराने उभे राहणार होते. वाल्मीकरावांनी तोड काढली. आण्णांची ओळ टाइप केली आणि नावाच्या आधी एक जाळीची खूण मारली, दोन उभ्या दोन आडव्या रेघांची. प्रोग्रॅमला सांगितलं, जाळीवाल्याचा पत्ता लक्षात ठेव, पण लेबल छापू नकोस. भावाचं नाव टाइप झालं. ते उठून पाणी पिऊन आले.

त्यानंतर किरकोळ एक प्रकार झाला. लेबलांच्या फाइलला त्यांनी आता भीतीपोटी दोन बाण लावले, आणि प्रोग्रॅम चार वेळा चालवला, त्यामुळे प्रत्येक पाहुणा चार वेळा छापला जाऊ लागला. प्रिंटर तासभर खरखरत होता तेव्हा कुठे ते लक्षात आलं. ते सोडून देऊ.

खरी माती कुलथ्यांच्या तिसऱ्या सल्ल्याने झाली. आधीचे दोन्ही बरोबर निघाल्याने वाल्मीकराव आता त्यांच्याकडे वेगळ्या नजरेने बघू लागले होते. शेवटची छपाई करण्याआधी त्यांनी आपण होऊन कुलथ्यांना वर बोलावलं, चहा दिला आणि यादी दाखवली.

कुलथ्यांनी चष्मा पुसला. "छान आहे. पण ही अकारविल्हे नाही."

"गाववार आहे."

"शेवाळे, जी अकारविल्हे नाही ती यादीच नव्हे. उद्या कोणी विचारलं, अमक्याला पत्रिका गेली का, तर शोधणार कसे?"

वाल्मीकरावांना पटलं. त्यात पुस्तकात पाहिलं तर पर्लमध्ये सबंध यादी अकारविल्हे लावायला एक शब्द लागतो, फक्त एक! फाइल वाचली की लगेच तो शब्द घातला, आणि सहाशे बारा माणसं इंग्रजी मुळाक्षरांप्रमाणे निमूटपणे रांगेत उभी राहिली. वाल्मीकरावांचा ऊर भरून आला. लेबलं छापली, प्रत्येकावर नाव, प्रत्येकावर पूर्ण पत्ता, एकही डू कुठे दिसत नव्हता. संध्याकाळी घरातल्या सगळ्यांनी मिळून ती लिफाफ्यांना चिकटवली. ललिताबाईंनीसुद्धा "चांगली दिसतात हो" असं म्हटलं, आणि त्या रात्री वाल्मीकराव बऱ्याच दिवसांनी घोरले.

पोस्टात खिडकीपलीकडच्या बाईंनी थप्पी पाहिली आणि विचारलं, "हे कसं लावलंय?"

"अकारविल्हे," वाल्मीकराव अभिमानाने म्हणाले.

"इथे नाही चालत. गाववार गठ्ठे बांधून आणा."

वाल्मीकराव आणि बरोबर आलेले कुलथे पोस्टातल्या बाकावर बसले आणि साडेतीन तास गठ्ठे लावत राहिले. खालची ओळ वाचायची आणि गावाच्या ढिगात टाकायची. वरची ओळ, म्हणजे नाव, वाचायला कोणाला सवड होती? कुलथे फक्त एकदा म्हणाले, "गाववारच असती तर बरं झालं असतं."

चौथ्या दिवशी विंचूरहून साळूबाई आत्यांचा फोन आला.

"वाल्मीक, तुझ्या कारखान्यात कोणी फर्नांडिस हाय का रं?"

"आहेत की. माझे साहेब होते ते."

"मग त्यांची पत्रिका माझ्याकडं काय करती? माझी तर आली. यादी मी सांगितली म्हनून सगळ्यांच्या पत्रिका मलाच व्हय?"

त्यांनी फोन ठेवला आणि तो लगेच पुन्हा वाजला. ओझरच्या कॉलनीतल्या एका जुन्या सहकाऱ्याला झिपरू नावाच्या माणसाची पत्रिका मिळाली होती. मग सिन्नरहून व्याह्यांच्या मेहुण्यांचा, त्यांच्याकडे एकदम सात आल्या होत्या, सातही अनोळखी, आणि पत्ता मात्र सगळ्यांवर त्यांचाच. "तुमच्याकडे अशी पद्धत आहे का?" असं त्यांनी अत्यंत सभ्यपणे विचारलं.

वाल्मीकराव कॉम्प्युटरसमोर बसले. अकारविल्हे लावलेली यादी उघडली. आणि त्यांना जे दिसलं ते दिसायला खरं तर पर्लची काही गरज नव्हती. माणसं रांगेत हलली होती, पण प्रत्येकाच्या हातातला डू तसाच राहिला होता. वरीलप्रमाणे! पण वरचा माणूस आता कोण होता? विंचूरच्या आत्यांच्या खाली ओझरचा साहेब, सिन्नरच्या मेहुण्यांच्या खाली निफाडचे सातजण. ज्याच्या डोक्यावर जो येऊन बसला, त्या वरच्याच्या घरी खालच्याची पत्रिका.

मग त्यांनी यादीची पहिली ओळ पाहिली आणि खुर्ची मागे सरकवली. जाळीची खूण 'ए'च्याही आधी लागते. ज्याला यादीतून काढायचं म्हणून खूण मारली, ते आण्णा उरलेल्या सहाशे अकरा माणसांच्या डोक्यावर जाऊन बसले होते. त्यांच्या खाली पुढचा पूर्ण पत्ता येईपर्यंत एकतीस डू होते.

"म्हणजे काय झालं?" ललिताबाईंनी विचारलं.

"आण्णाच्या घरी एकतीस पत्रिका गेल्या."

"आणि त्यांची स्वतःची?"

वाल्मीकरावांनी पडद्यावरच्या जाळीच्या खुणेवर बोट ठेवलं. ललिताबाई खुर्चीवर बसल्या. "अहो," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "बोलावलं नसतं तर नुसतं बोलावलं नाही असं झालं असतं. हे तर दारात जाऊन मोजून एकतीस वेळा 'तुम्ही येऊ नका' असं सांगितल्यासारखं झालं."

तृप्तीने ते ऐकलं. ती आत गेली आणि तिने दार लावून घेतलं. वाल्मीकरावांना स्वतःची इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. सहा वर्षं त्यांनी तो राग नीट घडी घालून जपला होता, आणि आता त्याचं काय करावं हे त्यांना कळेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला बेल वाजली. दारात आण्णा उभे होते. पांढरं धोतर, टोपी, कडक इस्त्रीचा नेहरू शर्ट, काखेत कापडी पिशवी. सहा वर्षांत थोडे वाकले होते. त्यांनी पिशवीतून सुतळीने बांधलेला गठ्ठा काढला आणि वाल्मीकरावांपुढे धरला.

"बावीस हाय. मोजून घे. ही तुझी हिकडची मानसं. पोस्टमन सगळ्या वस्तीचं टपाल माझ्याच ओट्यावर टाकून जातो. नऊ आपल्या वस्तीची होती, ती मी वाटली."

"आण्णा, आत या ना..."

"नाय. मी पोस्टमन म्हणून आलोय, पाव्हना म्हणून नाय. पोस्टमन उंबऱ्याच्या आत येत असतो का?"

तृप्ती धावत आली आणि पाया पडली. आण्णांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, तो बराच वेळ तसाच राहिला. "सुखी राहा पोरी," ते म्हणाले, तिने आणलेलं पाणी उभ्याउभ्या प्यायले, आणि जिना उतरायला लागले.

वाल्मीकराव गठ्ठा हातात घेऊन उभेच. ललिताबाई आतून आल्या. त्यांनी तो गठ्ठा काढून घेतला, त्या जागी एक पत्रिका, कुंकवाचा करंडा आणि अक्षतांची पुडी ठेवली, आणि म्हणाल्या, "चपला घाला."

"अगं, पण..."

"शर्ट पण घाला. पळा!"

सीबीएस स्टँडवर सटाण्याची गाडी सुटायच्या बेतात होती. वाल्मीकराव धावत चढले तेव्हा आण्णा चौथ्या बाकावर खिडकीशी बसले होते. शेजारची जागा रिकामी होती. वाल्मीकराव तिथे टेकले, दम खाल्ला, पुडी सोडली आणि पत्रिका पुढे केली.

"आण्णा, चुकलं माझं. तृप्तीच्या लग्नाचं आमंत्रण..."

"हितं नको," आण्णा खिडकीबाहेर बघत म्हणाले. "यष्टीत आमंत्रन घ्यायला मी काय कंडक्टर हाय?"

झालं. पुडी पुन्हा बांधली गेली. ओझर गेलं, पिंपळगाव गेलं, दोघांपैकी एकही बोलला नाही. चांदवडला गाडी थांबली तेव्हा आण्णा उतरले आणि चहाचे दोन ग्लास घेऊन आले. एक त्यांनी वाल्मीकरावांच्या हातात दिला, पण चेहरा खिडकीकडेच ठेवला. चहा घेणं आणि बोलणं या त्यांच्या लेखी अगदी वेगळ्या गोष्टी होत्या.

देवळ्याला उतरल्यावर वस्तीपर्यंत दीड किलोमीटर चालायचं होतं. आण्णा पुढे, वाल्मीकराव वीस पावलं मागे. आण्णांनी एकदाही वळून पाहिलं नाही, पण वाल्मीकराव चपलेतला खडा काढायला थांबले तेव्हा पुढची पावलंही थांबली. घर आलं. आण्णा आत गेले आणि त्यांनी दार लोटून कडी घातली.

वाल्मीकरावांनी कडी वाजवली.

"कोन शे?" आतून आण्णांचा आवाज आला.

"मी वाल्मीक."

"काय काम?"

"आमंत्रण द्यायला आलोय, आण्णा. भाच्च... पुतणीच्या लग्नाचं." त्यांचं त्यांनाच कळत नव्हतं आपण काय बोलतोय.

आत बरीच खडबड झाली. दार उघडलं ते भागीबाई वहिनींनी, आणि त्या पदराआड हसत होत्या. आण्णा खाटेवर मांडी घालून बसले होते. टोपी बदलली होती, खांद्यावर धुतलेलं उपरणं आलं होतं, खाटेवर नवी चादर होती.

"या, बसा," आण्णा भारदस्तपणे म्हणाले. "कोन गाव?"

"नाशिक," वाल्मीकराव म्हणाले. वहिनींनी पाणी दिलं. त्यांनी पत्रिकेला कुंकू लावलं, आण्णांच्या हातावर अक्षता ठेवल्या, दोघांच्या पाया पडले आणि वहिनींना म्हणाले, "पंधरा दिवस आधी यायचं बरं का."

"भाऊ, लग्नाला बाराच राहिलेत," वहिनी म्हणाल्या, आणि मग त्यांना राहवेना. "आन हे कसलं आमंत्रन घेताय नाटक्यावानी? दोन दिवस झाले, वस्तीतल्या घराघरात जाऊन सांगून आलेत, आमच्या तृप्तीचं लगीन हाय, पत्रिका मिळो ना मिळो, सगळ्यांनी यायचं. दोन जीपसुद्धा ठरवून बसलेत!"

"तू गप," आण्णा म्हणाले.

वहिनी गप्प बसल्या नाहीत. त्या शेजारच्या घरी गेल्या आणि तिथली पत्रिका घेऊन आल्या. "बघा तुम्हीच. नऊच्या नऊवर असंच हाय."

लिफाफे उघडेच होते, त्यामुळे आण्णांना अडचण आली नव्हती. पत्रिकेत खाली, जिथे 'आपले नम्र' म्हणून वाल्मीकरावांचं एकट्याचं नाव छापलं होतं, तिथे त्या नावाच्या वर निळ्या बॉलपेनाने, सावकाश, एकेक अक्षर सुटं काढून लिहिलं होतं: श्री. देवराम शेवाळे.

वाल्मीकराव ती ओळ वाचत राहिले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते त्यांनी पुसलंही नाही.

"छापायचं राहिलं असंल," आण्णा दुसरीकडे बघत म्हणाले. "लोक काय म्हनतील, थोरला भाऊ जित्ता असून पत्रिकेत नाव नाय. म्हनून घातलं." मग त्यांनी स्वतःच्या हातातली, कुंकू लावलेली पत्रिका उघडली, खालपर्यंत वाचली, आणि खिशातलं बॉलपेन काढून धाकट्या भावापुढे धरलं. "हिच्यावर पन राहिलंय बघ."

वाल्मीकरावांनी पेन घेतलं. पत्रिका मांडीवर ठेवली आणि आपल्या नावाच्या वर भावाचं नाव लिहायला घेतलं. पेनाची सवय इतकी गेली होती की 'देवराम'मधला 'रा' पार कडेला जाऊन पडला.

आण्णांनी वाकून पाहिलं आणि ते म्हणाले, "राहू दे. माझंच अक्षर बरं हाय."